नववी ते बारावीचा ‘हेल्थ केअर’ विषय: एका निवृत्त परिसेविकेने केलेले परीक्षण

सीबीएसईच्या शाळांमध्ये नववी-दहावीला ४१३ आणि अकरावी-बारावीला ८१३ या क्रमांकाने ‘हेल्थ केअर’ हा कौशल्य विषय घेता येतो. महाराष्ट्रातल्या अनेक शासकीय आणि अनुदानित शाळांमध्येही समग्र शिक्षा योजनेखाली नववीपासून याच धर्तीचा विषय शिकवला जातो. जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे आजकाल रुग्णालयात ज्यांना ‘जीडीए’ म्हणतात आणि आमच्या पिढीत वॉर्डबॉय व मावशी म्हणत असत, त्या कामासाठी विद्यार्थ्याला तयार करणे हा त्याचा जाहीर हेतू आहे. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, त्याची कूस बदलणे, चादर बदलणे, तापमान आणि नाडीची नोंद ठेवणे, चाकाच्या खुर्चीवरून त्याला तपासणीला नेणे ही सारी कामे त्यात येतात. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले. माझ्या भाचीने हा विषय घेतला तेव्हा तिची पुस्तके मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि पुढे काही शाळांनी प्रात्यक्षिके घेण्यासाठी मला बोलावले, तेव्हा वर्गही जवळून पाहिले. हे परीक्षण त्या दोन्हींच्या आधारावर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. नववी-दहावीत सहावा, म्हणजे जादा विषय म्हणून हा विषय घ्यावा, आणि मुलाला पुढे डॉक्टर, परिचारिका किंवा तंत्रज्ञ व्हायचे नसले तरीही घ्यावा. अकरावी-बारावीत मात्र सोबतचे विषय कोणते आहेत ते पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. या विषयाची सारी किंमत त्याच्या प्रात्यक्षिकात आहे. प्रात्यक्षिके नीट होणाऱ्या शाळेत हा शालेय जीवनातला अतिशय मोलाचा विषय ठरतो, आणि ज्या शाळेत ती केवळ वहीत होतात तिथे मुलांच्या हाती पाठ केलेल्या व्याख्यांपलीकडे काही लागत नाही.

अभ्यासक्रमाची रचना विचारपूर्वक झाली आहे. पुस्तके भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने तयार केली आहेत. ही संस्था एनसीईआरटीचाच, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा, भाग असून १९९३ पासून हेच काम करते. नववीत आरोग्यसेवेची व्यवस्था, रुग्णसाहाय्यकाची भूमिका, वैयक्तिक स्वच्छता, प्राथमिक आरोग्यसेवा व आपत्कालीन प्रतिसाद, लसीकरण आणि कामाच्या जागचा संवाद असे घटक आहेत. दहावीत रुग्णालयाची रचना, रुग्णाची शुश्रूषा, निर्जंतुकीकरण, प्रथमोपचार, शरीररचना व आहार आणि रुग्णालयातला जनसंपर्क येतो. बारावीपर्यंत पोहोचल्यावर नोंदी व कागदपत्रे, वृद्ध आणि बालकांची शुश्रूषा, जैववैद्यकीय कचरा, शस्त्रक्रियागृह आणि आपत्ती व्यवस्थापन इतका विस्तार होतो. हा क्रम मला पटतो, कारण माणूस रुग्णालयात पाऊल टाकतो तेव्हा याच क्रमाने शिकतो: आधी ही जागा कशी चालते, मग माझे काम कोणते, मग माझे हात स्वच्छ कसे ठेवायचे, आणि त्यानंतर रुग्णाला हात लावायचा.

आरोग्यसेवेच्या व्यवस्थेचा धडा बहुतेक शाळांत घाईने उरकला जातो, याचे मला वाईट वाटते. सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, डोंगरी आणि आदिवासी भागात हेच प्रमाण ३,००० आणि २०,००० असावे, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय अशी उतरंड असावी, हे कागदावर वाचताना कोरडे वाटते. परंतु आपल्या गावातली आरोग्यसेविका कोणत्या उपकेंद्राची आहे, अडलेल्या बाळंतिणीला आधी कुठे न्यायचे आणि रुग्णवाहिकेच्या १०२ व १०८ या दोन क्रमांकांपैकी कोणता कशासाठी लावायचा, हे चौदा वर्षांच्या मुलाला ठाऊक असेल तर ते घरातल्या मोठ्यांनाही उपयोगी पडते. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि आज ती खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. तरीही अपघाताच्या जागी माणसे आधी खासगी जीप शोधतात, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले. शिक्षकाने हा धडा मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन शिकवला तर तो जन्मभर लक्षात राहील.

आता प्रात्यक्षिकांकडे येते, कारण मला सर्वांत जास्त तिथेच बोलायचे आहे. तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब या चार गोष्टी मोजणे हा या विषयाचा पाया आहे. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वसन १२ ते २० असते, हे पुस्तकात आहे आणि सर्व मुलांना पाठ असते. श्वसन मोजण्याची खरी पद्धत मात्र पाठांतराने येत नाही. एका शाळेत दहावीतल्या एका मुलीने समोरच्या मैत्रिणीची नाडी मोजून झाल्यावर तिच्या मनगटावरची बोटे तशीच ठेवली आणि नजर तिच्या छातीकडे वळवून घड्याळाकडे पाहत श्वास मोजले. मी कारण विचारले. ती म्हणाली, “मॅडम, श्वास मोजतेय असं सांगितलं की पेशंट श्वास वेगळा घ्यायला लागतो.” नर्सिंगच्या पहिल्या वर्षात हे शिकवले जाते, आणि ते इथे पंधरा वर्षांच्या मुलीला केवळ माहीत नव्हते तर तिच्या हातात बसले होते. तिच्या शिक्षिकेचे मी मनापासून कौतुक केले, कारण अशी गोष्ट पुस्तकातून मुलांच्या हातापर्यंत पोहोचवायला शिक्षक स्वतः वॉर्डात राबलेला असावा लागतो.

याउलट रक्तदाबाच्या बाबतीत ढिलाई बरीच दिसते. शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधणे, हात लोंबकळता ठेवणे, जिने चढून आलेल्या मुलाचा रक्तदाब लगेच घेणे हे सर्व मी पाहिले आहे. रक्तदाब घेण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, इतके पाळले नाही तर आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. आजी-आजोबांच्या घरात आता रक्तदाबाचे यंत्र असतेच. तेव्हा मुलाने हे अचूक शिकणे ही काही फक्त परीक्षेपुरती बाब नाही.

अंथरूण तयार करणे हा घटक पालकांना सर्वांत क्षुल्लक वाटतो आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. रिकाम्या खाटेवर चादर घालून तिचे कोपरे दुमडणे कोणालाही जमेल. रुग्ण खाटेवर असताना, त्याला अलगद एका कुशीवर वळवून जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत नेणे, तिच्यालगत नवी चादर, मॅकिंटॉश (ओल अडवणारे रबरी कापड) आणि ड्रॉशीट (त्यावरची आडवी चादर) पसरणे, मग त्याला त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर घेऊन जुने कापड काढून टाकणे, आणि हे सारे होत असताना त्याचे अंग उघडे न पडू देणे, याला सराव लागतो आणि दोन माणसांचा मेळ लागतो. शेवटी चादरीला एकही सुरकुती राहता कामा नये. जागच्या जागी पडून असलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर, कोपरांवर आणि खवाट्यांवर सतत दाब पडतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कातडी सडू लागते. सुरकुती आणि ओलावा हे काम आणखी वेगाने करतात. म्हणूनच दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम आहे. अर्धांगवायू झालेल्या कितीतरी रुग्णांना आजारापेक्षा बेडसोरने अधिक छळलेले मी पाहिले आहे, आणि ते बहुतेक वेळा घरी नेल्यावर झालेले असत, कारण घरच्यांना हे कोणी शिकवलेलेच नसे. हा एक घटक नीट शिकलेले मूल ज्या घरात असेल, त्या घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचा किती आधार होईल, याचा विचार पालकांनी करावा.

हात धुण्याच्या प्रात्यक्षिकाबद्दलही असेच म्हणावेसे वाटते. साबण आणि पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, हे मुलांना करोनाच्या काळापासून ठाऊक आहे. तरीही अंगठा आणि बोटांची टोके सुटतात. एका शिक्षकाने मुलांच्या तळहातांना रंग लावून, डोळे मिटून हात चोळायला सांगितले. डोळे उघडल्यावर प्रत्येकाला स्वतःच्या हातावरच्या रंग न लागलेल्या जागा दिसल्या. त्यानंतर त्या वर्गाला हा धडा पुन्हा शिकवावा लागला नाही.

बारावीच्या घटकांपैकी जैववैद्यकीय कचऱ्याचा भाग मला विशेष आवडला. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस आणि गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोजे, सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड भोसकले न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात टाकायच्या असतात. रंग पाठ करणे सोपे आहे. वर्गात खऱ्या वस्तूंचा ढीग समोर ठेवून वर्गीकरण करायला लावले की मुले अडखळतात, आणि अडखळल्यावरच शिकतात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, ही गोष्ट मात्र सांगून भागत नाही, ती हाताच्या सवयीत उतरावी लागते. सुई टोचलीच तर ती जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये आणि ताबडतोब वरिष्ठांना कळवावे, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. शिक्षकाने हे प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगितलेच पाहिजे.

याच्याशी जोडलेली एक सूचना शाळांना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांना रुग्णालयात नेण्यापूर्वी त्यांचे हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण आहे का, हे पाहिले जावे. आरोग्यसेवेत काम करणाऱ्याला हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन मात्रांत दिली जाते, म्हणजे भेटीच्या आदल्या आठवड्यात आठवण होऊन उपयोग नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना कळवावे लागते. तसेच चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना संसर्गजन्य आजारांच्या किंवा अतिदक्षता विभागात नेऊ नये. बाह्यरुग्ण विभाग, नोंदणी कक्ष, लसीकरण कक्ष, सामान्य वॉर्ड आणि निर्जंतुकीकरण विभाग एवढे त्यांच्यासाठी पुष्कळ आहे. आणि मोबाइल फोन दाराशी जमा करावेत, कारण रुग्णाचा फोटो काढणे हा त्याच्या खासगीपणावर आघात आहे, हे या वयात एकदा समजले की पुढे सांगावे लागत नाही.

आता उणिवांविषयी. नववी-दहावीला ५० गुण लेखी आणि ५० गुण प्रात्यक्षिकाला, अकरावी-बारावीला ६० आणि ४०, अशी विभागणी आहे. कागदावर ती योग्य दिसते. प्रत्यक्षात प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने दिले जातात आणि लेखी परीक्षा व्याख्यांभोवती फिरते. निर्जंतुकीकरण आणि जंतुनाशन यांतला फरक लिहून दाखवणाऱ्या मुलाला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारा यंत्रडबा, कधी दिसलेलाच नसतो. एका शाळेत, जिचे नाव मी घेणार नाही, शिकवण्यासाठी आणलेला मानवी पुतळा प्लास्टिकच्या आवरणासह कपाटात बंद होता आणि तो खराब होईल या भीतीने मुलांना हात लावू दिला जात नव्हता. हृदय व श्वसन पुनरुज्जीवन म्हणजे सीपीआर शिकताना छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची असते आणि ३० दाबांनंतर दोन श्वास द्यायचे असतात. हा दाब किती जोराचा असतो, दोन मिनिटांत दंड कसे भरून येतात आणि दाब उथळ पडू लागला की माणूस का बदलावा लागतो, हे फळ्यावर कळत नाही. त्या वर्गातल्या मुलांनी सीपीआरच्या आकृत्या सुबक काढल्या होत्या. मला त्या पाहून खरोखर दुःख झाले, कारण साधन शाळेत होते, मुले उत्सुक होती आणि मध्ये फक्त एक कुलूप होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि ती शिक्षकांच्या नेमणुकीशी निगडित आहे. अनेक ठिकाणी व्यावसायिक विषयांचे प्रशिक्षक खासगी संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले जातात. त्यांपैकी कित्येक जण पात्र आणि तळमळीने शिकवणारे आहेत, परंतु पुढच्या वर्षी आपण याच शाळेत असू की नाही, हे त्यांना माहीत नसते. रुग्णालयाशी ओळख जोडणे, तिथल्या अधिसेविकेचा (मेट्रनचा) विश्वास संपादन करणे, मुलांना कोणत्या वेळी आणल्यास वॉर्डाच्या कामात अडथळा येणार नाही हे जाणून घेणे, याला वेळ लागतो. प्रशिक्षक बदलला की हे सारे पहिल्यापासून करावे लागते, आणि मधल्या काळात रुग्णालयाची भेट म्हणजे एका सकाळी रांगेने वॉर्डातून फिरून येणे एवढेच उरते. रुग्णांच्या खाटांमधून चाळीस मुले कुतूहलाने पाहत चालली आहेत आणि त्यांना काहीच करायचे नाही, हे दृश्य रुग्णांसाठी क्लेशदायक असते आणि मुलांसाठी निरुपयोगी. पाच-सहा मुलांचा गट अर्धा दिवस एका वॉर्डात परिचारिकेच्या हाताखाली राहिला, त्याने पाण्याचे तांबे भरले, इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे रुग्णाच्या पोटात किती पाणी गेले आणि लघवी किती झाली याची नोंद, कसा लिहितात ते पाहिले, एखाद्या आजोबांना नखे कापून दिली, तर त्या अर्ध्या दिवसात ते संपूर्ण घटकापेक्षा जास्त शिकतील.

पालकांच्या मनातला एक आक्षेप मला वारंवार ऐकू येतो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. “आमच्या मुलीने बेडपॅन द्यायला शिकायचे का?” असे एका आईने मला विचारले. होय, शिकायचे. बेडपॅन देताना रुग्णाभोवती पडदा ओढणे, भांडे थंडगार असेल तर ते कोमट पाण्याने धुऊन पुसून देणे, त्याला गुडघे दुमडून कंबर उचलायला सांगणे, काम झाल्यावर पुढून मागे अशा दिशेने पुसणे, हात धुवायला पाणी देणे आणि भांडे रिकामे करण्यापूर्वी त्यातला रंग व रक्ताचा अंश पाहून नोंद करणे, यात शरीरशास्त्र आहे, जंतुसंसर्गाचे ज्ञान आहे आणि दुसऱ्या माणसाची लाज राखण्याची जाण आहे. आपल्या समाजाने मलमूत्राशी संबंधित काम ठरावीक जातींवर लादले आणि मग त्या कामालाच हीन ठरवले; त्या वृत्तीची सावली आजही या विषयावर आहे. शाळेत सर्व जातींची, सर्व आर्थिक स्तरांची मुले आणि मुली हे काम एकत्र शिकतात, ही या अभ्यासक्रमाची फार मोठी जमेची बाजू आहे आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. मुलग्यांनीही हा विषय आवर्जून घ्यावा. आमच्या रुग्णालयात पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणत, आणि अस्थिरोग विभागातले रुग्ण उचलताना ब्रदर हजर असला की आम्हा सगळ्यांच्या कंबरा वाचत असत.

आता करिअरच्या दृष्टीने. इथे पालकांची सर्वांत जास्त दिशाभूल होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नववी-दहावीत हा विषय सहावा म्हणून घेतल्यास काहीच गमवावे लागत नाही, उलट सीबीएसईच्या नियमानुसार गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला आणि कौशल्य विषयात उत्तीर्ण झाला, तर निकाल काढताना त्याच्या जागी कौशल्य विषय धरला जातो. परंतु ज्याला पुढे विज्ञान शाखेला जायचे आहे, त्याने या सवलतीच्या भरवशावर राहू नये. अकरावीत निवड करताना मात्र वाट आधी ठरवावी लागते. एमबीबीएससाठी नीटला बसायचे असेल किंवा चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग करायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. ‘हेल्थ केअर’ हा त्यांपैकी कोणत्याही विषयाला पर्याय नाही. तो पाचवा विषय म्हणून या चौघांच्या जोडीला घेतला, तर उत्तम. तीन वर्षांच्या जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि दोन वर्षांच्या एएनएमला (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) मात्र इतर शाखांतून बारावी झालेल्यांनाही वाट आहे, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत आरोग्यसेवेच्या व्यावसायिक शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्यांचाही विचार केलेला आहे. वयाची किमान अट १७ वर्षांची आहे. प्रवेशाचे तपशील वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

शाळेचे प्रमाणपत्र म्हणजे परिचारिकेची पात्रता नव्हे, हेही स्पष्ट सांगते. या विषयातून साहाय्यकाच्या कामाची तयारी होते. साहाय्यकाने इंजेक्शन द्यायचे नसते आणि सलाइन लावायचे नसते. तालुक्याच्या गावी ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या लावलेले वर्ग दिसतात आणि दहावीनंतर मुली तिकडे वळतात. मोठी फी भरून हाती आलेल्या कागदावर परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही आणि मुलगी खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर, कायद्याने तिच्या अधिकारात नसलेली कामे करत राहते. अशा मुली माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या आहेत. कोणत्याही नर्सिंग शाळेत पैसे भरण्यापूर्वी तिला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे त्यांच्या यादीत पाहावे. शाळेतल्या ‘हेल्थ केअर’ विषयाच्या शिक्षकांनी दहावीच्या वर्गाला हे एकदा जरी समजावले, तरी कित्येक घरांची पुंजी वाचेल.

महाराष्ट्र राज्य मंडळाकडे बारावीची व्यावसायिक शाखा आहे, जिला जुनी माणसे अजूनही एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम) म्हणून ओळखतात. तिच्यात मेडिकल लॅब टेक्निशियन, रेडिओलॉजी टेक्निशियन आणि बाल, वृद्ध व आरोग्य सेवा असे अभ्यासक्रम आहेत. हाताला काम शिकवण्याच्या बाबतीत ही शाखा सीबीएसईच्या एका विषयापेक्षा पुष्कळ खोल जाते, कारण तिथे बहुतेक तासिका व्यवसायाच्याच असतात. रक्ताचा स्लाइड कसा पसरायचा, रंगद्रव्य किती वेळ ठेवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहायचे, हे त्या मुलांना दोन वर्षांत चांगले जमते. मात्र तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे स्वतंत्र विषय म्हणून नसतात, त्यामुळे नीटची आणि बीएस्सी नर्सिंगची वाट बंद होते. घरची परिस्थिती बेताची असेल, लवकर कमावते व्हायचे असेल आणि प्रयोगशाळेच्या कामाची आवड असेल, तर ही शाखा मी सुचवीन. ज्या मुलाचे अजून काहीच ठरलेले नाही, त्याने विज्ञान शाखा सोडू नये.

पुस्तकांबद्दल एवढेच सांगते की ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, भाषा सोपी आहे, आकृत्या मध्यम दर्जाच्या आहेत आणि काही भागांत, विशेषतः संवादकौशल्याच्या घटकात, तीच ती वाक्ये पुन्हा येतात. सर्व कौशल्य विषयांना समान असलेला रोजगारक्षमता कौशल्यांचा भाग मला फारसा उपयुक्त वाटला नाही. रुग्णाच्या नातेवाइकाशी कसे बोलावे, हे सर्वसाधारण सूत्रांनी शिकवता येत नाही; रात्री अकरा वाजता रक्ताची पिशवी मिळत नाही म्हणून हतबल झालेल्या मुलासमोर शांत उभे राहून त्याला रक्तपेढीची वाट नीट समजावून सांगणे, हे एखाद्या अनुभवी परिचारिकेला वर्गात बोलावून, नाट्यरूपाने करून घेतले, तरच जमते.

शाळा निवडताना किंवा मुलाला विषय देताना पालकांनी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहायला मागावी. खाट, दोन-तीन चादरी, मॅकिंटॉश, रक्तदाबाचे यंत्र, चाकाची खुर्ची, सीपीआरचा पुतळा आणि चार रंगांचे डबे एवढे तरी तिथे असावे, आणि त्यांच्यावर वापराच्या खुणा असाव्यात. प्रशिक्षक स्वतः नर्सिंग किंवा तत्सम शिक्षण घेतलेला आहे का, शाळेत किती वर्षे आहे, कोणत्या रुग्णालयाशी शाळेचा लेखी करार आहे, मुले तिथे किती जणांच्या गटाने आणि किती वेळ जातात, हेही विचारावे. गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला भेटता आले तर त्याला आपल्याच हाताची नाडी मोजायला सांगावे. तो बोटे कुठे ठेवतो, अंगठा वापरतो की पहिली दोन-तीन बोटे, आणि घड्याळाकडे पूर्ण मिनिटभर पाहतो की पंधरा सेकंदांत आकडा सांगून मोकळा होतो, यावरून त्या शाळेत हा विषय कसा शिकवला जातो ते कळेल.